पाच दरवाजे, एक कालवा : शेजाऱ्यापुरत्या माहितीवर चालणारा नियंत्रक कसा रचावा

कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, ७ क्युसेकचं आउटलेट उघडलं, की हेडवर, म्हणजे सुरुवातीच्या दरवाज्यावर, ७ क्युसेकच जास्त सोडावे लागतील असं वाटतं. प्रत्येक दरवाज्याला आपापला पीआय कंट्रोलर लावून बघा (‘पी’ आत्ताच्या चुकीच्या प्रमाणात दुरुस्ती करतो, ‘आय’ साचत आलेल्या चुकीवर). मागणी एकेक टप्पा वर सरकत जाते आणि सरकताना फुगते. पाचव्या दरवाज्यावरची लहानशी हालचाल पहिल्यापर्यंत पोचते तेव्हा वरचा टप्पा काठाला टेकतो, नाहीतर तळाला जातो. यात कुठलाच कंट्रोलर बिघडलेला नसतो, सुटा तपासला तर प्रत्येक स्थिर असतो. दोष जोडणीचा असतो, म्हणून रचनाही जोडणीचीच करावी लागते.

एकमेकांत गुंतलेल्या यंत्रणांसाठी वितरित नियंत्रक, म्हणजे एका केंद्राऐवजी जागोजागी वाटलेला नियंत्रक, कसा रचायचा, हे इथे कालव्यावर दाखवलं आहे. कालवा मुद्दाम निवडला. त्याची जोडणी सरळ रांगेत असते, उशीर मिनिटांत मोजता येतो आणि गणित वहीत मावतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २००० नंतरच्या दशकात याच पद्धतीच्या स्वयंचलित दरवाज्यांचं मोठं जाळं उभं राहिलं.

आधी जोडणी कागदावर काढा

दोन दरवाज्यांमधला कालवा म्हणजे एक टप्पा. टप्प्याच्या वरच्या तोंडाचा दरवाजा त्याच टप्प्याच्या खालच्या टोकाची पातळी सांभाळणार. म्हणजे मागणी खालून वर जाते आणि पाणी वरून खाली येतं. आपल्याकडे आवर्तनात बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालतं. हेडवरून ठरलेला विसर्ग सुटतो आणि उरेल ते टेलला मिळतं. टेलचा शेतकरी सुखी करायचा असेल तर ही दिशाच बदलावी लागते.

आता कोण कोणावर परिणाम करतं ते बाणांनी दाखवा. दरवाज्याखालून पाणी मोकळं उसळत असेल, तर खालच्या टप्प्याची पातळी वरच्याला कळतही नाही, एकच बाण पुरे. दरवाजा बुडीत चालत असेल, तर प्रवाह दोन्हीकडच्या पातळ्यांच्या फरकावर ठरतो आणि उलटा बाणही काढावा लागतो. हा उलटा बाण विसरणं ही नेहमीची चूक आहे.

तो बाण तोडायचा उपायही सोपा आहे. पातळीच्या कंट्रोलरने दरवाज्याला ‘इतके सेंटिमीटर उघड’ असं सांगायचंच नाही, ‘इतका प्रवाह सोड’ असं सांगायचं. दरवाज्याजवळचा छोटा कंट्रोलर वर-खालच्या पातळ्या वाचून उघडीप स्वतः काढेल. मोकळ्या प्रवाहासाठी

प्रवाह = ०.६ × रुंदी × उघडीप × √(२ × ९.८१ × वरची खोली)

बुडीत असेल तर वर्गमुळात खोलीऐवजी पातळ्यांचा फरक घ्या. ०.६ हा गुणांक आरंभापुरता समजा, प्रत्येक दरवाज्यावर करंट मीटरने (पाण्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) मोजून तो दुरुस्त करा. २ मीटर रुंद दरवाजा, ०.३ मीटर उघडीप आणि १.५ मीटर खोली असेल तर साधारण १.९५ घनमीटर प्रति सेकंद निघतात. म्हणजे उघडीप १ सेंटिमीटरने बदलली की ०.०६५ घनमीटर (प्रवाहाबद्दल बोलताना इथून पुढे ‘घनमीटर’ म्हणजे घनमीटर प्रति सेकंद). हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

प्रत्येक टप्प्याचे दोनच आकडे मोजा

टप्प्याचं अख्खं जलगतिकीशास्त्र कंट्रोलरला नको असतं. त्याला दोन गोष्टी पुरतात : वर सोडलेलं पाणी खालच्या टोकाला किती उशिरा जाणवतं, आणि ते आल्यावर पातळी किती वेगाने चढते. पहिल्याला ‘उ’ म्हणू, म्हणजे उशीर, सेकंदांत. दुसऱ्याला ‘क्षे’, म्हणजे साठ्याचं पृष्ठक्षेत्र, चौरस मीटरमध्ये.

क्षे × पातळी बदलण्याचा वेग = (उ इतक्या वेळापूर्वी वरून सोडलेला प्रवाह) − (आता खाली जाणारा प्रवाह)

मोजणी रात्री करा, टप्प्यातली सगळी आउटलेट बंद ठेवून. खालचा दरवाजा स्थिर प्रवाहावर ठेवा, वरचा प्रवाह साधारण १० टक्क्यांनी वाढवा आणि खालची पातळी दर मिनिटाला नोंदवा. पातळी हलायला लागेपर्यंतचा वेळ म्हणजे उ. त्यानंतरच्या सरळ चढावरून क्षे निघतं. वाढवलेला प्रवाह ०.३ घनमीटर आणि चढ तासाला ९ सेंटिमीटर असेल, तर ०.३ ÷ ०.००००२५ = १२,००० चौरस मीटर. उशीर १२ मिनिटं निघाला असं धरू, म्हणजे ७२० सेकंद. पुढची सगळी उदाहरणं याच टप्प्यावर आहेत.

हीच चाचणी प्रवाह कमी करूनही घ्या. कालवा भरून वाहताना आणि निम्म्यावर वाहताना, अशा दोन वेळा घ्या. आकडे जुळणार नाहीत. सरासरी काढू नका. सर्वांत मोठा उ आणि सर्वांत लहान क्षे ही जोडी वेगळी लिहून ठेवा, अंतिम गेन, म्हणजे चुकीला किती जोरात उत्तर द्यायचं तो आकडा, त्या जोडीवर काढायचा आहे.

टप्पा आखूड आणि खोल असेल तर पाणी दोन दरवाज्यांत हेलकावतं. २ किलोमीटर टप्पा, लाटेचा वेग ३.४ आणि पाण्याचा वेग ०.५ मीटर प्रति सेकंद असेल, तर लाट जाऊन परत यायला सुमारे २० मिनिटं लागतात. या हेलकाव्याच्या मागे दरवाजा धावला की हेलकावा वाढतो. पातळीच्या वाचनावर ५–६ मिनिटांचा लो-पास फिल्टर (जलद चढउतार गाळून संथ बदल तेवढे ठेवणारा) लावा आणि फिल्टरचा तो वेळ उ मध्ये मिळवून मग पुढची सूत्रं वापरा. असं केल्याने हिशोब थोडा सावध बाजूला झुकतो, ते चालेल.

पाणी कुठून येणार, हा खरा प्रश्न

आता मुख्य मुद्दा. खालच्या दरवाज्याने ०.२ घनमीटर जास्त घेतले, म्हणजे सुमारे ७ क्युसेक. वरचा दरवाजा त्याच क्षणी ०.२ ने उघडला तरी ते पाणी १२ मिनिटं उशिरा येणार. मधल्या काळात टप्प्यातून ०.२ × ७२० = १४४ घनमीटर निघून गेलेले असतात, पातळी १.२ सेंटिमीटर उतरते. हे कोणताही कंट्रोलर टाळू शकत नाही.

पीआय कंट्रोलरचा आय म्हणतो, पातळी पुन्हा जागेवर आणा. म्हणजे १४४ घनमीटर जादा द्या. ते वरच्या टप्प्यातून येणार, त्याचेही स्वतःचे १४४ कमी झालेले. पाच टप्प्यांचे मिळून ७२० घनमीटर हेडने जादा सोडायचे. एका तासात भरपाई करायची ठरवली, तर त्या तासात मागणीखेरीज सरासरी आणखी ०.२ घनमीटर सोडावे लागतात. मागणी ०.२ ची आणि हेडवर वाढ ०.४ ची! भरपाई सहा तासांवर पसरली तर मागणीवरचा हा जादा भाग ०.२ वरून ०.०३३ वर येतो.

म्हणजे फुगवटा ट्यूनिंगच्या चुकीतून येत नाही. ‘पातळी तंतोतंत राखा’ आणि ‘लगेच राखा’ या दोन अटी उशिराच्या रांगेत एकत्र बसत नाहीत. पातळीला थोडं उतरू द्या, त्या वेळेपुरता टप्प्याचा साठा वापरा, आणि भरपाई सावकाश करा. पुढची सगळी रचना यावर उभी आहे.

गेनचं सूत्र

प्रत्येक दरवाज्याचा कंट्रोलर दोन गोष्टी बघेल : स्वतःच्या टप्प्याची पातळी आणि खालच्या शेजारी दरवाज्याने कळवलेला प्रवाह.

माझा प्रवाह = नेहमीचा प्रवाह + ग × (ठरलेली पातळी − मोजलेली पातळी) + फ × (शेजाऱ्याच्या प्रवाहात झालेला बदल)

ग म्हणजे गेन, एक मीटर चुकीला किती घनमीटर प्रति सेकंद. फ म्हणजे शेजाऱ्याच्या बातमीवर किती टक्के विश्वास, ० ते १ मध्ये. चढउतार वर सरकताना कोणत्याही वारंवारतेला फुगू नयेत यासाठी अट अशी :

ग ≤ (१ − फ²) × क्षे ÷ (२ × उ)

आणि खालचा प्रवाह वाढल्यावर पातळीत उरणारी घट :

घट = (१ − फ) × वाढलेला प्रवाह ÷ ग

या अटीत फक्त त्या टप्प्याचेच आकडे आहेत. वरच्या-खालच्या टप्प्यांचे क्षे आणि उ कितीही असोत, टप्पे पाच असोत की पन्नास, प्रत्येकाने आपली अट पाळली की सगळी रांग सुरक्षित राहते. उद्या कालवा वाढवून सहावा दरवाजा बसवला तर जुन्या पाचांना हात लावावा लागत नाही. वितरित रचनेकडून अपेक्षा असते ती नेमकी हीच.

आपल्या टप्प्यावर आकडे टाका. फ = ० ठेवला, म्हणजे शेजाऱ्याशी बोलणंच नाही, तर ग ची मर्यादा ८.३ आणि ०.२ घनमीटरला घट २.४ सेंटिमीटर. फ = ०.८ केला तर ग ची मर्यादा ३.० आणि घट १.३ सेंटिमीटर. टाळता न येणारी घट १.२ होती, म्हणजे एका शेजाऱ्याच्या बातमीने आपण जवळपास तळाला पोचलो. दोन किंवा तीन दरवाजे पलीकडची माहिती आणून आता मिळवायला फारसं काही उरत नाही. केबल आणि रेडिओवर खर्च करण्याआधी हा हिशोब करावा.

फ सरळ १ का करू नये? मग ग शून्य होतो. बातमी खरी असेल तोवर सगळं सुरळीत, आणि ती कधीच पूर्ण खरी नसते. टप्प्यातूनच कोणी न कळवता ०.२ घनमीटर उचलले, तर ती बातमी शेजाऱ्याकडून येत नाही. तिथे घट सरळ ०.२ ÷ ग इतकी होते : ग ८.३ असताना २.४ सेंटिमीटर, ग ३ असताना ६.७ सेंटिमीटर. म्हणून फ ठरवताना एकच विचारा, टप्प्यातून जाणाऱ्या पाण्यापैकी किती पाणी कळवून जातं? वितरिकांच्या तोंडाशी मोजयंत्र असेल, तर तो प्रवाहही शेजाऱ्याच्या प्रवाहात मिळवून कळवा आणि फ ०.८ पर्यंत न्या. काठावर इंजिनं लावून पाणी उचललं जात असेल, तर ०.५ च्या पुढे जाऊ नका. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्यानंतर पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी द्यायची तरतूद आहे. जिथे ते खरोखर मोजून दिलं जातं, तिथे फ वाढवायला आधार आहे.

अंतिम आकडा मघाच्या वाईट जोडीवर काढा. उ ८४० आणि क्षे १०,५०० धरले तर फ = ०.८ ला ग ची मर्यादा २.२५ येते. तोच वापरा.

आय हवाच, पण आळशी

फक्त ग आणि फ वर कालवा चालेल, पण पातळी ठरलेल्या जागी कधीच बसणार नाही. मोठं कारण दरवाज्याचा गुणांक. २ घनमीटर प्रवाहात ५ टक्के चूक म्हणजे ०.१ घनमीटर, आणि ग ३ असताना तेवढ्याने पातळी ३.३ सेंटिमीटर सरकून राहते. ही कायमची चूक आयने काढायची. त्याची वेळ क्षे ÷ ग च्या निदान पाचपट ठेवा. १२,००० ÷ ३ = ४,००० सेकंद, म्हणजे आयची वेळ सहा तास.

याचा फरक किती पडतो? शेजाऱ्याची बातमी न घेणारा, ग = ८.३ आणि आय ९६ मिनिटं असा नेहमीच्या पाठातला पीआय लावला, तर साडेतीन तासांच्या आसपासचे चढउतार दर टप्प्याला १.३ पट होतात, पाच टप्प्यांत ३.७ पट. ग = ३, फ = ०.८ आणि आय सहा तास ठेवलं, तर सर्वांत वाईट वारंवारतेलाही टप्प्यामागे १.०४ पट, पाच टप्प्यांत १.२ पट. आय आला की फुगवटा थोडा येणारच, फक्त तो आता १५ तासांच्या संथ चढउताराला येतो आणि तेवढ्या वेळात धरणावरचा विसर्गही बदलता येतो.

इथे एक आडवाट. माहिती वाटलेली असताना सर्वोत्तम नियंत्रक शोधणं हे अवघड काम आहे. १९६८ मध्ये हान्स विट्सेनहाउझेन यांनी दाखवलं, की दोघांकडे वेगवेगळी माहिती असेल तर अगदी साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचंही सर्वोत्तम उत्तर सरळ रेषेत बसत नाही. पुढे २००६ मध्ये रॉटकोविट्झ आणि लॉल यांनी सोप्या प्रश्नांची एक जात वेगळी काढली. ढोबळ अर्थ असा की बातमी परिणामाच्या आधी किंवा त्याच्याबरोबर पोचत असेल, तर हिशोब आटोक्यात राहतो. कालव्यात पाण्याला १२ मिनिटं लागतात आणि रेडिओला सेकंद, म्हणून आपण सुटलो. विजेच्या जाळ्यात ही चैन नसते.

यंत्रावर चढवताना

कंट्रोलरचं चक्र, म्हणजे एका हिशोबापासून पुढच्या हिशोबापर्यंतचा वेळ, उ च्या दहाव्या भागाहून लांब नको. १२ मिनिटांना १ मिनिट योग्य. बातमीचा उशीरही त्याच मर्यादेत ठेवा.

दरवाज्याची बारीक हालचाल हा बहुतेक ठिकाणचा अडथळा. ग ३ असताना १ सेंटिमीटर चुकीला ०.०३ घनमीटर लागतात, म्हणजे मघाच्या दरवाज्याची उघडीप जेमतेम ५ मिलिमीटर. गिअरमध्ये १ सेंटिमीटरचा ढिलेपणा असेल तर दरवाजा कधीच बरोबर जागी थांबणार नाही, आय साचत राहील, मग एकदम उडी मारेल, आणि हा झोका दिवसभर चालेल. २–३ मिलिमीटरने हलू शकेल असा दरवाजा हवा आणि शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने करा. चूक ५ मिलिमीटरच्या आत असेल तर आय गोठवा. मोटरही वाचते.

पातळीमापक उघड्या पाण्यावर टांगू नका. काठाला शांत विहीर करून त्यात बसवा, जोडनळी गाळाने भरणार हे धरून ती धुण्याची सोय ठेवा. अल्ट्रासॉनिक असेल तर तापमानाची दुरुस्ती आणि सावली, दोन्ही हवीत. नाहीतर दुपारच्या उन्हात पातळी बदलल्याचं खोटंच दिसेल.

शेजाऱ्याला मागितलेला प्रवाह कळवू नका, खरोखर सुटलेला कळवा. दरवाजा पूर्ण उघडून अडकला असताना मागणी कळवत राहिलात, तर वरचे सगळे न जाणाऱ्या पाण्याची तयारी करतात आणि टप्पा ओसंडतो. अडकल्या क्षणी आयही थांबवा.

पाण्याचा तुटवडा ही वेगळीच गोष्ट. मागणी खालून वर जाणाऱ्या पद्धतीत हेडला पाणी कमी पडलं, की खालचे सगळे आपापलं मागून घेतात आणि पहिला टप्पाच रिकामा होतो. म्हणून एक बातमी उलट दिशेनेही हवी : ‘मला वरून इतकंच मिळतंय, तुझी कमाल मर्यादा आता ही.’ प्रत्येक दरवाज्याने ती खाली सरकवायची. कोणत्या वितरिकेचं किती कापायचं हे मात्र कंट्रोलरवर सोपवू नका, ते शाखाधिकारी आणि पाणीवापर संस्थेने आधी ठरवून तक्त्यात द्यायचं.

बातमी बंद पडली तर तीन चक्रं शेवटचा आकडा धरून ठेवा. त्यानंतर फ शून्य करा आणि ग बातमीविना असलेल्या मर्यादेवर न्या, वाईट जोडीवर तो ६.२५ येतो. ग तसाच २.२५ ठेवलात तरी रांग बिघडत नाही, पण ०.२ घनमीटरला ९ सेंटिमीटर घट पडेल. बदल करताना तोवरचा फीडफॉरवर्ड (सूत्रातला फ चा भाग) ‘नेहमीच्या प्रवाहात’ मिळवून टाका, नाहीतर त्या सेकंदाला दरवाजा आपटेल.

तपासणी आणि चालू करण्याचा क्रम

ज्या दोन आकड्यांवर गेन काढला त्याच मॉडेलवर तपासू नका, ते होच म्हणणार. हेक-रास हे मोफत सॉफ्टवेअर अस्थिर प्रवाहाची पूर्ण समीकरणं सोडवतं. त्यात कालव्याचे छेद भरा आणि चार प्रसंग चालवा : टेलला ०.२ घनमीटरचं आउटलेट उघडणं, पाऊस येऊन सगळी आउटलेट एकदम बंद होणं, मधल्या दरवाज्याची बातमी तुटणं, आणि एका पातळीमापकाचं वाचन अडकून राहणं. दुसरा प्रसंग सर्वांत कठीण. तिथे पातळी फ्रीबोर्डच्या (पाण्यावर काठापर्यंत सोडलेल्या मोकळ्या उंचीच्या) निम्म्यावर गेली तर ठरलेली पातळी खाली घ्या किंवा एस्केपचा (जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या सांडव्याचा) माथा तपासा. गेन वाढवून ते सुटणार नाही.

प्रत्यक्ष कालव्यावर स्वयंचलित करताना हेडकडून टेलकडे जा, दिवसाला एक दरवाजा. टेलपासून सुरुवात केली तर खालचा दरवाजा मागत राहतो, वरचा माणसाच्या हातात असतो, आणि मधला टप्पा उपसला जातो. बंद करताना उलट क्रम, टेल आधी आणि हेड शेवटी. ही गोष्ट दरवाज्याच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण रात्री वीज गेल्यावर पेटी उघडणारा माणूस रचनेचा कागद बघत नाही.